हिंजवडीच्या वाटेवर जुनी टर्बो गाडी

मुंबई–बंगळूर महामार्ग सोडून वाकडहून पश्चिमेला वळलो की हिंजवडी लागते. एकेकाळचे हे शेतीचे गाव. आज राजीव गांधी इन्फोटेक पार्कचे ३ टप्पे माणपर्यंत पसरलेत. संध्याकाळी कंपन्या सुटल्या की शिवाजी चौकात गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात.

या रांगेत आमची जुनी टर्बो पेट्रोल गाडी मुकाट चालायची. महामार्गावर वेग धरला की मात्र मिसिंग करायची, इंजिनचा दिवा लुकलुकायचा. गाडीत अम्मी, मुले आणि मागून ट्रक! असा दिवा लुकलुकला की जोर न लावता कडेला थांबावे. न जळलेले पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टर तापवून निकामी करते.

गावातल्या गॅरेजवाल्या चाचांनी पंप बदलायची घाई केली नाही. "लोडवरच मिस करते ना? मग आधी स्पार्क बघू," म्हणाले. टर्बो सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो. त्या दाबात ठिणगी पडायला व्होल्टेजही जास्त लागते. झिजलेला प्लग, कमजोर कॉइल तिथेच हात टेकतात. चाचांनी दोन सिलिंडरांच्या कॉइल अदलाबदल केल्या. मिसिंगही कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेले. चोर सापडला!

तरी त्यांनी गेज लावून पेट्रोलचा दाब पाहिला. तो लोडवर घसरला असता, तर फिल्टर आणि पंपाची पाळी होती. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या गाडीचे रबरी पाइपही तपासून घ्यावेत, असे ते म्हणाले.

एका कॉइलवर काम भागले, अल्हम्दुलिल्लाह. आधी निदान, मग सुटे भाग; घरखर्चाला हेच परवडते.