नाव कमी करण्याआधी

शाळेचा पट देशभर ३० सप्टेंबर ही तारीख धरून मोजला जातो. आमच्याकडचं मजुरीसाठीचं स्थलांतर सुरू होतं दिवाळीनंतर. विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळणं हे माझं काम, आणि त्यातली खरी अडचण या दोन तारखांच्या मधे आहे. आमचं राजगढ हे मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्याच्या सरदारपूर तहसिलीतलं, बाहेरच्या लोकांना मोहनखेड्याच्या जैन तीर्थामुळे ठाऊक असलेलं गाव. आजूबाजूला भिल्ल-भिलाल्यांची वस्ती. सोयाबीन निघालं की कितीतरी कुटुंबं गुजरातेत बांधकामावर, शेतावर कामाला जातात आणि होळीच्या तोंडावर, भगोरियाच्या जत्रेला परततात. लहान मुलांना मागे ठेवायचं कुणाकडे? तीही जातात. सप्टेंबरात मोजलेलं मूल डिसेंबरात वर्गात नसतं, ‘यूडायस’ या शाळांच्या सरकारी पोर्टलवर मात्र असतंच.

मध्य प्रदेशात प्रत्येक मुलाला बरेच आकडे चिकटलेले असतात. शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरातला स्कॉलर नंबर सगळ्यांत जुना. कुटुंबाचा समग्र आयडी आठ अंकी, त्यातल्या माणसाचा नऊ अंकी. आधार बारा अंकी. त्यात यूडायसचा ‘पेन’ हा विद्यार्थी क्रमांक आणि आता ‘अपार’ आयडी. हे सगळे एकाच मुलाकडे बोट दाखवतात की नाही, एवढंच पाहायचं असतं; पण त्यातच दिवस जातात. समग्रमध्ये मूल आजोबांच्या कुटुंबात असतं, आधारवर आडनाव भूरिया, रजिस्टरात नुसतं नाव. आधारची पडताळणी नाव, लिंग आणि जन्मतारीख जुळल्याशिवाय होत नाही. जन्मतारखांचं तर विचारूच नका. महाराष्ट्रात जशी १ जूनला जन्मलेल्यांची पिढीच्या पिढी आहे, तशी इकडे १ जुलैची. धार-देवासच्या मराठी घरांतली गत आणखी वेगळी: पुण्याहून दाखला घेऊन आलेल्या मुलाचं आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, इथल्या अर्जात वडिलांचा रकाना स्वतंत्र, आणि काळे लिहिता लिहिता काले होतात.

काही चुका निव्वळ यंत्राच्या. आधारचा बारा अंकी क्रमांक एक्सेलच्या साध्या रकान्यात टाकला की तो १.२३ई+११ असा दिसू लागतो, आणि ती फाइल तशीच सीएसव्ही करून पुढे पाठवली की शेवटचे आकडे कायमचे जातात. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून ठेवला तर हे टळतं. दिवस आणि महिना यांची अदलाबदल पकडणं अवघड, कारण ५ जुलै आणि ७ मे या दोन्ही तारखा खऱ्याच वाटतात. म्हणून नवी नोंद करताना आईवडिलांकडून तारीख तोंडी विचारून घ्यायला मी शिक्षकांना सांगते, शक्यतो सणाच्या आगेमागे. आईला ते नेमकं आठवतं.

नोंदी खऱ्या असण्याची गरज मी कधीच नाकारणार नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्राने तीन दिवसांची पटपडताळणी केली, मुलांच्या बोटांना शाई लावून. पटावर असलेली पण कुठेच नसलेली मुलं तेव्हा उघडी पडली. पटावर शिक्षकांची पदं ठरतात, मध्यान्ह भोजनाचं धान्य ठरतं. खोटं नाव हे खऱ्या मुलाच्या ताटातून घेतलेलं असतं. २०१५ साली महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या नोंदींची ‘सरल’ ही ऑनलाइन प्रणाली आली. देशपातळीवर २०२२-२३ पासून यूडायसने शाळेच्या एकूण आकड्याऐवजी एकेका विद्यार्थ्याची नोंद मागायला सुरुवात केली. २०२३-२४ चा देशाचा पट सुमारे २४.८ कोटी निघाला, २०२२-२३ च्या आधीच्या वर्षांपेक्षा कोटीहून कमी. दुहेरी नावं गळाली हे त्याचं एक कारण. पण गळालेल्या प्रत्येक नावाला दुहेरी म्हणता येणार नाही, आणि माझी काळजी तिथेच आहे.

मूल दिसेनासं झालं की नाव पोर्टलवरच्या ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये टाकण्याची सोय आहे. दुसऱ्या शाळेने पेन टाकून त्याला ओढून घेतलं तर नोंद पुढे चालते. गुजरातच्या शाळेलाही तोच पेन चालतो. पण वीटभट्टीवरच्या बापाच्या खिशात तो आकडा असतो का? नसला की तिथली शाळा एक तर नवी नोंद करते, म्हणजे दुहेरी नाव, किंवा परत पाठवते. खरं तर शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमानुसार टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि चौदाव्यानुसार जन्मदाखला नाही म्हणूनही नाही.

महाराष्ट्रात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड निघालं. मूल जिथे जाईल तिथे ते दाखवून वर्गात बसायचं. आसपासच्या शाळा सांभाळणाऱ्या आमच्या जनशिक्षा केंद्रांनी दिवाळीच्या सुटीआधी असंच एक कागदी पत्रक हाती द्यावं असं मला वाटतं: पेन, इयत्ता, शाळेचा यूडायस क्रमांक आणि मुख्याध्यापकांचा फोन. पोर्टलवर ‘शाळेत आहे’ आणि ‘शाळा सोडली’ यांच्यामधे ‘मजुरीला गेलेल्या घराबरोबर’ असा तिसरा पर्याय हवा, परतायच्या महिन्यासकट. तो येईपर्यंत रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात गाव आणि मुकादमाचा नंबर लिहावा. होळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात या केंद्रांच्या जनशिक्षकांनी त्या यादीवरून घरोघर फिरावं, आणि त्या फेरीपर्यंत एकही नाव कमी करू नये.