गाडीखालचा आरसा

रस्त्याने जाताना एखादी चकचकीत मोटार दिसली, की तुमची पावले थांबतात ना? तुम्ही तिचा रंग पाहता, चाके पाहता, आतल्या गाद्या पाहता. पण ती खालून कशी दिसते, हे कधी वाकून पाहिले आहे का? जी बाजू कोणाला दिसत नाही, तिच्याकडे लक्ष कोण देणार? आज मी तुम्हांला अशा एका प्रदर्शनाविषयी सांगणार आहे, जेथे हीच बाजू मुद्दाम दाखवली जाते.

अमेरिकेतील डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध शहर. तेथे १९५३ साली ‘ऑटोरामा’ हे प्रदर्शन सुरू झाले. ते मैदानावर नव्हे, तर एका भव्य सभागृहात भरते. जुनी गाडी घेऊन, ती आपल्या कल्पनेप्रमाणे नव्याने घडवून लोक येथे मांडतात. कोणी तिचे छत कापून खाली आणतो, कोणी दिवे पत्र्यात आत बसवतो, कोणी रंगाचे थरावर थर चढवतो. येथील सर्वांत मानाचा ‘रिडलर पुरस्कार’ १९६४ पासून दिला जातो. त्याची एक अट आहे. ती गाडी त्यापूर्वी कोणत्याही प्रदर्शनात मांडलेली नसावी. त्यामुळे अशी गाडी बनवणारी माणसे कित्येक वर्षे बंद गॅरेजमध्ये राबतात आणि वाहवा न मिळवता आपले काम झाकून ठेवतात.

गाडी मांडण्याचीही एक रीत असते. आगीचा धोका नको म्हणून टाकीत पेट्रोल थोडेच ठेवतात आणि बॅटरीची तार सोडवून ठेवतात. गाडी थोडी उचलून आधारावर ठेवतात आणि तिच्या खाली आरसे मांडतात. गाडीचा तळ, सांधे, नळ्या, सारे त्या आरशांत दिसते. वरून दिव्यांचा प्रकाश पडतो. पत्रा सरळ असेल, तर दिव्याचे प्रतिबिंब सरळ दिसते. पत्र्यात जरा जरी खळगा असला, तरी ते वाकडे होते. तेथे काही लपत नाही. शेजारी एक पाटी असते. तिच्यावर गाडीचे साल, मालकाचे नाव आणि ती घडवणाऱ्या कारागिराचे नाव लिहिलेले असते.

हे सारे मला माझ्या मामूंनी सांगितले. मामूंनी मुंबईत कुर्ल्याच्या एका गॅरेजमध्ये चाळीस वर्षे डेंटिंगचे काम केले. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त डेट्रॉइटला असतो. तो त्यांना एकदा हे प्रदर्शन पाहायला घेऊन गेला. एका निळ्या गाडीपाशी मामू उकिडवे बसले आणि बराच वेळ आरशात पाहत राहिले. गाडीजवळ उभ्या असलेल्या पांढऱ्या केसांच्या माणसाने विचारले, “काय शोधता?” मामूंना इंग्रजी येत नाही. मुलाने त्यांचे उत्तर सांगितले, “पत्रा कोठे जोडला आहे, ते शोधतोय. सापडत नाही.” तो माणूस आनंदाने हसला आणि त्याने मामूंचा हात हातात घेतला. दोघांच्याही हातांवर पत्र्याचे जुने व्रण होते.

परत आल्यावर मामू मला म्हणाले, “बेटा, आमचे काम चांगले झाले, तर ते दिसत नाही. दिसले, तर समजावे, बिघडले. माझ्या हातांखालून किती गाड्या गेल्या, ते अल्लाहलाच ठाऊक. पण माझे नाव कोणी कोठे लिहिले नाही. तेथे पाटीवर कारागिराचे नाव होते.”

मामूंच्या या बोलण्यात तक्रार नव्हती, पण मला ते लागले. लॉस एंजेलिसमध्ये बॅरिस बंधूंनी १९५२ साली एक मर्क्युरी गाडी अशीच नव्याने घडवली होती. २०२२ मध्ये तिचा लिलाव झाला, तेव्हा तिला सुमारे २० लाख डॉलर किंमत आली. सत्तर वर्षांत गाडीचे मालक बदलले, पण घडवणाऱ्यांचे नाव तिच्यासोबत राहिले. आपल्याकडेही तसे कुशल हात आहेत. ठोकर खाऊन चेपलेला दरवाजा ते हातोडीने असा सरळ करतात, की मालकालाही खूण सापडत नाही. मालक पैसे देतो, गाडी घेऊन जातो आणि कारागिराचे नाव विसरतो.

हे वाचून घरची गाडी कापायला मात्र निघू नका! रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करण्यास आपल्या देशातील कायदा मनाई करतो. माझे सांगणे वेगळे आहे.

तुमच्यापैकी कोणाचे अब्बा गॅरेजमध्ये असतील, कोणाचा भाऊ यंत्रमागावर असेल, कोणाची अम्मी घरी शिवणकाम करत असेल. त्यांचे काळे झालेले किंवा सुईने टोचलेले हात मित्रांसमोर आले, की काही मुले मान खाली घालतात. तुम्ही तसे करू नका. आज घरी गेल्यावर त्यांना विचारा, “तुमच्या हातून झालेले सर्वांत चांगले काम कोणते?” ते जे सांगतील, ते वहीत लिहा आणि वर त्यांचे पूर्ण नाव घाला. उद्या आपण ते वर्गात मोठ्याने वाचू.