कागद आणि वहिवाट

सी भाषेत 'मेमकॉपी' नावाचे एक फंक्शन आहे. स्मृतीतल्या एका जागेवरचे ठरावीक बाइट दुसऱ्या जागी उतरवायचे, एवढेच त्याचे काम. १९८९ च्या प्रमाणकानुसार त्याला एक अट आहे: दोन्ही जागा एकमेकींवर चढलेल्या नसाव्यात. असल्या तर काय होईल याची हमी नाही. त्यासाठी 'मेममूव्ह' हे वेगळे फंक्शन वापरावे. इतके निःसंदिग्ध लेखन आमच्या धंद्यात विरळाच.

प्रत्यक्षात मात्र लिनक्सवरचे मेमकॉपी वर्षानुवर्षे पहिल्या बाइटपासून सुरुवात करून पुढे जात असे. त्यामुळे मजकूर अलीकडच्या पत्त्याकडे सरकवायचा असेल, तर जागा एकमेकींवर चढलेल्या असूनही काही बिघडत नसे. रांगेतला पहिला माणूस सरकला की दुसऱ्याला जागा होते, तसेच. अट मोडणाऱ्याला ती मोडल्याचे कळण्याचा मार्गच नव्हता.

नोव्हेंबर २०१० मध्ये फेडोरा १४ आली. तिच्यातले मेमकॉपी वेगासाठी नव्याने लिहिलेले होते आणि काही इंटेल प्रोसेसरांवर ते शेवटाकडून उलटे येऊ लागले. लगेच अडोबीच्या फ्लॅशमधला आवाज चिरकू लागला. फ्लॅशने अट मोडली होती, हे उघड होते. लायब्ररीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी मॅन्युअलकडे बोट दाखवले. लिनस टॉरवाल्ड्सचे म्हणणे निराळे होते: ज्याचा आवाज बिघडला त्याला प्रमाणकाशी काय देणेघेणे?

मी स्वतः मॅन्युअले लिहिली आहेत, त्यामुळे लेखी अटीची बाजू घ्यावी असे मला आतून वाटते. तरीही कौल मी लिनसलाच देईन. आपल्याकडे शेताच्या रस्त्याचा तंटा उभा राहिला की सातबाऱ्याबरोबर वहिवाटही पाहिली जाते; बांधावरून वर्षानुवर्षे बैलगाडी जात असेल, तर कागदावर रस्ता नाही म्हणून काटे टाकता येत नाहीत. लायब्ररीचे मालक नेमके तेच करत होते, आणि तेही कायद्याच्या अक्षराला धरून. (याचा अर्थ फ्लॅशचा कोड चांगला होता असा मुळीच नव्हे.)

२०११ मध्ये ग्लिबसी २.१४ ने तोडगा काढला. जुन्या, आधीच बांधलेल्या प्रोग्रामांना त्याच नावाचे जुने, सोशिक मेमकॉपी मिळेल. नव्याने बांधलेल्यांना नवे. लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये मेमकॉपीच्या पानावर हा इतिहासही आता नोंदवलेला आहे. फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झाले. त्याच्यासाठी ठेवलेली वाट लायब्ररीत अजून आहे.