मुक्काम नाचणगाव : धुऱ्यावरची झाडं

२२ मार्च
वर्ध्याहून गाडी दोन तास उशिरा. पुलगावहून ऑटो २०, चहा २०, जेवण ८०. खोलीतला पंखा बंद. ऊन भयंकर. झाडं उद्या.

२३ मार्च
पंखा बंदच. पहाटेच शिवारात निघालो. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेल्या, तूर निघालेली. उभं आहे ते धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचंच. कडुलिंबाला तांबूस पालवी, नाल्याकाठी पळस ऐन फुलात, मध्येच पिवळट सालीचा हिवर. बाकी बाभूळच बाभूळ.

एका बाभळीखाली शेळ्यावाले आजोबा भेटले. त्यांनी कांदा-भाकर अर्धी माझ्यापुढे सरकवली आणि धुऱ्यावरच्या दोन बाभळी दाखवल्या. एक पसरट. दुसरी रामकाठी, तिच्या फांद्या खराट्यासारख्या सरळ वर गेलेल्या. "पऱ्हाटीले सावली चालत नाही जी. म्हून हे ठेवली." म्हणजे कोणती बाभूळ धुऱ्यावर राहील, हे पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्यानंच ठरवलंय. ही काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. सागाला पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते, तो इथे रमत नाही. बाभूळ दोन्ही सोसते, वर मुळांवरच्या गाठींतून मातीला नत्र देते. शेंगा शेळ्या खातात, लेंड्यांतून बी पसरतं. रोपवाटिका लागतच नाही. बंडीची चाकं, वखर याच लाकडाचे. आता ट्रॅक्टर आले, वखर कोण करून घेणार?

दुपारभर तिथंच बसलो. उठवेना.

२४ मार्च
ऊन. चहा ३०, जेवण ८०. पाय सुजले.

२५ मार्च
आर्वीकडे संत्र्याची बाग पाहिली. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेली कलमं. मृग बहाराची तोड चालू, दुसऱ्या ओळींत आंबियाची फळं गोटीएवढी. भारी जमिनीत पाणी साचलं की डिंक्या रोग येतो, म्हणून बागवाला सारखा आळ्यांत डोकावत होता. एवढा जीव बाभळीला कुणी लावत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

२६ मार्च
सेवाग्राम. बापूंनी १९३६ साली लावलेला पिंपळ, बांचा बकुळ. त्या दोघांना राखणारे आहेत.

२७ मार्च
आजोबांच्या मुलाला गाठलं. रामकाठी ठेवणार का? "ट्रॅक्टर वळाले जागा पाहिजे. दोन ठेवतो, बाकीच्या ठेकेदाराले देल्या." कोणत्या दोन, ते आजोबांना दाखवू द्या, एवढंच मागितलं. तो हो म्हणाला.