लुचेरा : इटलीतले मुसलमानांचे गाव

इस्लामी इतिहास म्हटला की आपली गाडी बगदाद, कॉर्डोबा आणि दिल्ली याच स्टेशनांवर थांबते. दक्षिण इटलीतल्या टेकडीवरचे लुचेरा कुणाच्या गावीही नसते. मीही ते पाहिले आहे फक्त पुस्तकांत आणि फोटोंत.

गाव जुने. इ.स.पूर्व ३१४ मध्ये रोमनांनी तिथे वसाहत केली. ऑगस्टसच्या काळातले त्यांचे लंबगोल प्रेक्षागार अजून पाहायला मिळते. पण मला ओढ तेराव्या शतकाची. सिसिली बेटावरच्या मुसलमानांची बंडे मोडून सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने १२२० च्या दशकापासून त्यांना हजारोंनी उचलून इथे आणले. आपले काही लेखक त्याला मुसलमानांचा दोस्त म्हणून रंगवतात. अरबी विद्येची त्याला आवड होती, हे खरे. पण लोकांना घरदार, बापजाद्यांच्या कबरी मागे टाकायला लावणारा हा कसला दोस्त? त्याला शेतकरी हवे होते, तिरंदाज हवे होते.

तरीही या उपऱ्यांनी संसार मांडला. १२३३ मध्ये पोप नवव्या ग्रेगरीने लुचेरात धर्मप्रचारक पाठवायचे ठरवले, तेव्हा तिथल्या मुसलमानांना इटालियन बऱ्यापैकी समजते असे पत्रात लिहिले. म्हणजे घरी एक बोली, बाजारात दुसरी. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हे फार ओळखीचे वाटते! १२६१ मध्ये सुलतान बैबर्सचा वकील म्हणून इब्न वासिल इटलीत आला. लुचेरात जुम्म्याची नमाज उघडपणे होते, असे त्याने नोंदवले.

फ्रेडरिकच्या घराण्याचे राज्य १२६६ मध्ये गेले, अंजू घराणे आले. १२६८ चे बंड उपासमारीने मोडले. पुढे ऑगस्ट १३०० मध्ये राजा दुसऱ्या चार्ल्सने गावच संपवले. माणसे गुलाम म्हणून विकली, मालमत्ता जप्त केली. कारण धर्माचे दिले. अनेक इतिहासकार मात्र राजाच्या कर्जाकडे बोट दाखवतात. गावाचे नावही बदलून ‘सांता मारियाचे नगर’ केले. ते टिकले नाही, लुचेराच राहिले.

टेकडीच्या टोकावर अंजूंच्या किल्ल्याची सुमारे नऊशे मीटर लांबीची तटबंदी आहे, आत फ्रेडरिकच्या महालाचे अवशेष. गावात मशिदीच्या जागी बांधलेले म्हणतात ते कॅथेड्रल. तिथल्या वेदीचा दगड म्हणजे फ्रेडरिकचे जेवणाचे टेबल, असे लुचेराचे लोक सांगतात.