उलट्या जहाजाखाली

मान वर केली आणि तोंडातून ‘अगं आई गं!’ एवढंच बाहेर पडलं. डोक्यावर जहाज होतं. अख्खं जहाज, पालथं घातलेलं! ओक लाकडाचे जाडजूड, वाकडे वासे दोन्ही बाजूंनी फासळ्यांसारखे वर चढत गेलेले. वयाने काळसर झालेल्या त्या लाकडावर कुऱ्हाडीचे घाव अजून दिसतात. बॉस्टनच्या दक्षिणेला, समुद्रकाठच्या हिंगम गावातलं हे ‘ओल्ड शिप’ सभागृह १६८१ सालचं आहे. छप्पर जहाजं बांधणाऱ्या सुतारांनी चढवलं, असं गावात सांगतात, आणि ते खोटं म्हणण्याची माझी तरी छाती नाही. आपल्याकडे संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला त्याच वर्षी ही माणसं इथे खुंट्या ठोकत होती. तेव्हापासून आजपर्यंत इथली उपासना चालूच आहे. प्युरिटनांनी सतराव्या शतकात बांधलेल्या सभागृहांपैकी आज उभं असलेलं हे एकच.

खाली नजर आणली आणि मी चक्रावलेच. पाहायला काहीच नाही! क्रूस नाही, तसबीर नाही, मूर्ती नाही, मेणबत्त्यांची रांग नाही. खिडक्यांना रंगीत काच नाही, साधं पांढरं ऊन सरळ आत येतं. वसईची किंवा जुन्या गोव्याची चर्चं पाहिलेल्या माणसाला चर्च म्हटलं की सोन्याने मढवलेली वेदी आठवते. इथे वेदीच नाही. आपलं कुलदैवताचं देऊळ तर शेंदूर, झेंडू, तेल, कापूर, घंटा यांनी पाचही इंद्रियांना एकदम धरतं. इथे चार इंद्रियांना सुट्टी. कामाला जुंपलाय तो फक्त कान.

हे सगळं ठरवून केलेलं आहे. इंग्लंडच्या चर्चने रोमशी नातं तोडलं खरं, पण घर नीट झाडलंच नाही. झगे राहिले, बिशप राहिले, सणवार राहिले, अशी या प्युरिटन लोकांची तक्रार होती. मग १६३० साली जॉन विन्थ्रॉप जहाजांचा ताफा घेऊन मॅसॅच्युसेट्सला उतरला आणि यांनी आपलं स्वतःचं, धुऊन काढलेलं घर मांडलं. या घरातला मानाचा पाट पाळकाच्या व्यासपीठाला. उंच, लाकडी, सगळ्या बाकांवरून दिसेल असं. शेजारी वाळूचं घड्याळ ठेवायची पद्धत होती. वाळू सरली की पाळक घड्याळ उलटं करायचा आणि प्रवचन पुढे चालू! सकाळी एक, दुपारी आणखी एक. आपल्याकडे कीर्तनकार थकला की टाळ-मृदंग त्याला उचलून धरतात, मध्येच एखादा अभंग होतो, श्रोता ताजातवाना होतो. इथे वाद्याला दारातच मज्जाव. स्तोत्रं म्हणायची तीही नुसत्या गळ्यावर.

आणि थंडी! सभागृहात शेगडी नसे. बायका पायाशी निखाऱ्यांचा डबा घेऊन बसत. सॅम्युएल सिवॉल नावाचा बॉस्टनचा एक न्यायाधीश रोजनिशी लिहायचा. १६८६ च्या जानेवारीतल्या नोंदीत तो सांगतो, की प्रभुभोजनाची भाकर इतकी गोठली होती, की ताटात मोडून टाकताना खडखड वाजली. मी त्या बाकाला हात लावून हे आठवते आहे, आणि जून महिन्यात अंगावर काटा येतोय. डुलकी लागलेल्यांसाठी एक माणूस काठी घेऊन फिरत असे. काठीच्या एका टोकाला लाकडी गोळा, पोरांच्या आणि बाप्यांच्या टाळक्यात हाणायला. दुसऱ्या टोकाला कोल्ह्याची शेपटी, बायकांच्या गालावरून हळूच फिरवायला. आणि ही समतेची मंडळी, बरं का, बसायच्या जागा मात्र वय, मान आणि पैसा बघून वाटून देत. तेवढं वाचून मला फार घरच्यासारखं वाटलं.

डोळ्यांचा उपास सुटतो तो स्मशानात. बॉस्टनच्या भर बाजारपेठेत ग्रॅनरी नावाचं जुनं दफनस्थान आहे. चहूकडे काचेच्या इमारती, मध्ये पाटीच्या काळ्या दगडाचे शेकडो तुकडे, आणि जवळजवळ प्रत्येकावर कोरलेली कवटी. कवटीला पंख! दात विचकलेले, खोबणी रिकाम्या, दोन्ही बाजूंना नीट पिसं काढलेली. सभागृहात चित्राला बंदी, पण इथे पाथरवटाचा हात मोकळा सुटलेला. आपल्या गावाबाहेरचे वीरगळ आठवले. तिथे मेलेला माणूस स्वर्गात देवाजवळ बसलेला तरी दाखवतात. इथे आश्वासन म्हणून फक्त ती दोन पिसं. अठराव्या शतकातल्या दगडांकडे सरकत जावं तसतशी कवटीच्या जागी गुबगुबीत बाळाची चेहरेपट्टी येते. देवाचा राग कसकसा निवळत गेला, ते या पाट्यांवर वाचता येतं.

पण तोवर त्या रागाने बरंच काही केलं होतं. इंग्लंडातल्या छळाला कंटाळून पळालेल्यांनी इथे पोचताच छळायला सुरुवात केली, हे मला नुसतं वाचून कधी पटलं नसतं. स्टेट हाउसपुढे मेरी डायर ब्राँझमध्ये बसली आहे. हात मांडीवर, मान किंचित खाली. ही क्वेकर पंथाची. क्वेकरांचं म्हणणं असं, की प्रत्येकाच्या आत उजेड असतो, त्यामुळे पाळकाची गरज नाही. मॅसॅच्युसेट्सने त्यांना हद्दपार केलं, परत आल्यास फाशी. १६५९ साली तिच्या दोन सोबत्यांना फाशी देताना त्यांचे शब्द लोकांच्या कानी पडू नयेत म्हणून ढोल बडवले. जिथे सारा धर्म कानात, तिथे भीती कसली वाटणार? शब्दाचीच! त्या दिवशी मेरीच्या गळ्यात फास अडकवून तिला ऐनवेळी सोडलं. ती पुन्हा आली. १ जून १६६० ला तिला फाशी झाली. त्याच १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा झाला. हो, नाताळ! ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ती लोकांना नाताळ साजरा केल्याबद्दल दंड करायचा. तो कायदा उठला १६८१ मध्ये.

ज्यांचं पटलं नाही ते जंगलात गेले आणि त्यांनी नवी गावं वसवली. रॉजर विल्यम्स १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्सला गेला. राज्यसत्तेने माणसाच्या श्रद्धेत हात घालू नये, असं त्याचं मत. त्याच्या ऱ्होड आयलंडमध्ये बॅप्टिस्ट आले, क्वेकर आले, आणि न्यूपोर्टला ज्यूंचं १७६३ सालचं टुरो सिनेगॉग तर अजून उभं आहे.

मला मात्र वेड लावलं ते पेनसिल्व्हेनियातल्या इफ्राटाने. प्रॉटेस्टंटांमध्ये मठ? मार्टिन ल्यूथरने मठ सोडला, जोगिणीशी लग्न केलं, आणि त्याच्या सुधारणेची ही नातवंडं अमेरिकेच्या रानात पुन्हा मठ बांधून बसली! कॉनराड बाइसेल हा जर्मनीतल्या बेकरीवाल्याचा पोरका मुलगा. १७३२ मध्ये तो एकांतासाठी या ओढ्याकाठी आला, आणि एकांत शोधणाऱ्यांच्या नशिबी असतं तेच झालं: मागोमाग माणसं आली. पुढे ब्रह्मचारी भाऊ आणि बहिणी, शिवाय आसपास राहणारी संसारी कुटुंबं, सगळी मिळून तीनशेच्या आसपास झाली. पांढरे, टोपीचे झगे. शब्बाथ रविवारी नाही, शनिवारी.

उतरत्या छपरांच्या त्या उंच लाकडी वास्तू पाहून आधी वाटतं, धान्याची कोठारं असावीत. आत शिरताना मी कपाळ आपटता आपटता वाचले. दारं मुद्दामच ठेंगणी ठेवली आहेत. आत येणाऱ्याने वाकावं. बोळ इतके अरुंद, की समोरून कोणी आलं तर एकाने मागे सरकावं. मग खोली. खोली कसली, कोनाडाच. पंधरा इंचांची लाकडी फळी हा बिछाना, आणि उशी म्हणून लाकडाचा ठोकळा. मी फळीवर तळहात ठेवते. मध्ये गुळगुळीत लागते. रात्री नऊला निजायचं, बाराला उठायचं, दोनपर्यंत प्रार्थना, की न जाणो ख्रिस्त मध्यरात्रीच आला तर! मग पुन्हा पाचपर्यंत झोप. आपल्याकडे काकडआरतीला पहाटे उठतात ते एका महिन्यापुरतं, आणि तेवढ्याचंही कौतुक सांगत फिरतात. इथे हा जन्मभराचा नेम.

या लाकडी ठोकळ्यांतून गाणं निघालं, हे तर त्याहून नवल. बाइसेलने संगीताचे स्वतःचे नियम बसवले, गाणाऱ्यांसाठी वेगळं पथ्य ठरवलं आणि शेकडो भजनं रचली. चार-चार, कधी सात-सात सुरांच्या पदरांत बांधलेली, कोवळ्या, तोंड फारसं न उघडता काढलेल्या आवाजात म्हणायची. शेजारच्या दालनात बहिणी बोरूने अक्षरं रेखत. काय ती अक्षरं! एका मोठ्या अक्षराच्या पोटात फुलं, वेली, कबुतरं, आणि सबंध आयुष्य त्यातच घालवलेल्या बाईचं नाव सहसा कुठेच नाही. १७४८-४९ मध्ये या मठाच्या छापखान्याने ‘मार्टर्स मिरर’ हा हुतात्म्यांचा ग्रंथ जर्मनमध्ये छापला. सुमारे पंधराशे पानं. वसाहतींच्या काळात अमेरिकेत एवढं मोठं पुस्तक दुसरं छापलं गेलं नाही. शस्त्राला हात न लावणाऱ्यांसाठीचा हा ग्रंथ. पुढे स्वातंत्र्ययुद्धात सैनिक आले आणि न विकलेले कागद काडतुसं वळायला उचलून घेऊन गेले! मी हे वाचून हसले, मग हसले याची लाज वाटली. शेवटचे ब्रह्मचारी १८१३ पर्यंत संपले. ब्रह्मचर्यावर उभा केलेला पंथ, दुसरं होणार काय?

फिलाडेल्फियात क्वेकरांच्या सभेला जाऊन बसले. तासभर कोणी बोललं नाही. कोणीच! बाक कुरकुरला तरी दचकायला होत होतं. पण याच मूक मंडळींपैकी जर्मनटाउनच्या चौघांनी १६८८ मध्ये गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला होता. आणि या शांततेच्या अगदी उलट जॉर्ज व्हाइटफील्ड. बाप रे, काय आवाज असेल त्याचा! १७३९-४० च्या सुमारास हा तिरळ्या डोळ्यांचा तरुण इंग्रज गावोगाव उघड्या मैदानावर बोलत सुटला आणि वसाहतींमध्ये भक्तीची लाट उसळली. त्याचं भाषण फिलाडेल्फियात चालू असताना बेंजामिन फ्रँकलिन नदीच्या दिशेने मागे मागे चालत गेला, आवाज कुठवर पोचतो ते पाहत. आणि तेवढ्या जागेत प्रत्येक माणसाला दोन चौरस फूट धरून त्याने हिशेब काढला, की तीस हजारांहून जास्त लोक हा आवाज ऐकू शकतील. भोंगा नाही, माइक नाही! एकदा म्हणे फ्रँकलिन एक पैसा द्यायचा नाही असं ठरवून बसला होता. आधी तांब्याची नाणी द्यायला तयार झाला, मग चांदीची, शेवटी खिसा सोन्यासकट उलटा केला. व्हाइटफील्ड आज न्यूबरीपोर्टच्या चर्चमध्ये व्यासपीठाच्या बरोबर खाली पुरलेला आहे. १७७५ मध्ये क्वेबेककडे निघालेल्या फौजेतल्या अधिकाऱ्यांनी कबर उघडून त्याची कॉलर आणि मनगटपट्ट्या प्रसाद म्हणून वाटून घेतल्या. मूर्तिपूजेचा तिटकारा असणाऱ्यांचं हे वागणं मला तरी फार माणसासारखं वाटलं. मात्र याच माणसाने जॉर्जियात गुलामगिरीची तरफदारी केली, स्वतः गुलाम बाळगले. तीस हजारांना ऐकू जाणाऱ्या त्या गळ्याला चार क्वेकरांची बरोबरी आली नाही.

सेलमला लोक जातात ते चेटकिणींसाठी. १६९२ मध्ये तिथे १९ जणांना फासावर चढवलं. त्या खटल्यातला एक न्यायाधीश म्हणजे आपला तो गोठलेल्या भाकरीवाला सिवॉल. पाच वर्षांनी तो भर सभेत उभा राहिला आणि पाळकाने त्याची माफी सगळ्यांना वाचून दाखवली. बाकीच्या न्यायाधीशांपैकी कोणी उभं राहिलं नाही.

पण मी नगरची, माझं सेलमचं काम वेगळं होतं. ६ फेब्रुवारी १८१२ ला सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये याच प्युरिटन घराण्याच्या वारसांनी पाच तरुणांना दीक्षा दिली. त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत मुंबईला उतरले. तोच अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ. मॅसॅच्युसेट्सच्या या लोकांनी १६४७ मध्येच कायदा केला होता, की पन्नास घरांच्या गावाने शिक्षक ठेवलाच पाहिजे. कारण पोराला वाचता आलं नाही तर पवित्र शास्त्र कळणार कसं? ते शाळेचं वेड मिशनसोबत आमच्या नगरपर्यंत आलं. न्यू हॅम्पशायरच्या सिंथिया फॅरार बाईंनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, आणि त्या पाहून जोतीराव फुल्यांनी पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली.

आता जाणाऱ्यांसाठी. सगळे तुम्हाला प्लिमथचा खडक दाखवायला नेतील, जिथे १६२० साली ‘मेफ्लॉवर’ची मंडळी उतरली म्हणतात. जहाजात १०२ प्रवासी होते, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले निम्मे गेले. ते खरं आहे आणि भयंकर आहे. पण खडकाची गोष्ट पहिल्यांदा १७४१ मध्ये एका चौऱ्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्याने सांगितली, आणि खडक म्हणजे खांबांच्या मंडपात, खाली खड्ड्यात ठेवलेला एक फुटका धोंडा आहे. आपल्या सह्याद्रीत असले लाथेला लागतात. तो टाळा, हिंगमला जा, बाकावर बसून मान वर करा. आणि इफ्राटाला गेलात तर दारातून आत शिरताना डोकं सांभाळा.