विजापूरचा घुमट आणि काकांचा कान

आपला आवाज अंतर मोजीत असतो, हें सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. शेजारच्या पाटावर बसलेल्याशीं आपण हलकेच बोलतों. परसांत विहिरीवर गेलेल्या माणसाला हांक मारतांना मात्र आवाज आपोआप चढतो आणि हांकेंतला शेवटचा स्वर लांबतो. खाडीपलीकडच्या तरीवाल्याला बोलावतांना तर शब्द फारसे उरतच नाहींत. उरतो तो एक लांबलचक 'होऽऽ'. हें कोणी कोणास शिकवीत नाहीं. मोकळ्या हवेंत अंतर दुप्पट झालें कीं ध्वनीची तीव्रता चौथाईवर येते, आणि ती तूट भरून काढण्याची धडपड आपला कंठ आपण होऊन करतो.

या गोष्टीकडे माझें लक्ष गेलें तें विजापूरच्या गोलघुमटांत, आणि त्यास कारण झाले आमचे काका.

काकांनीं पंचाहत्तरी ओलांडली आहे. गेलीं कांहीं वर्षें त्यांना कमी ऐकूं येतें. कानाचें यंत्र आणलें, पण त्यांतून भांड्यांचा आवाजच अधिक येतो म्हणून तें फडताळांत पडून आहे. तेव्हांपासून घरांतील लहानथोर सारींच त्यांच्याशीं ओरडून बोलूं लागलीं. परिणाम असा झाला कीं, 'जेवायला चला', 'औषध घेतलें का', एवढेंच बोलणें शिल्लक राहिलें. काकूही त्याहून अधिक बोलत नसत. काका झोपाळ्यावर गप्प बसून राहत.

गेल्या माघांत लग्नकार्यासाठीं सोलापुरास गेलों असतां काकांनीं विजापूर पाहण्याची इच्छा दर्शविली. सोलापूरपासून तें सुमारें १०० किलोमीटर आहे. शहराचें अधिकृत नांव २०१४ पासून विजयपुरा असें झालें आहे. आमच्या तोंडीं मात्र विजापूरच बसलेलें.

महंमद आदिलशहानें (राज्यकाल १६२७ ते १६५६) स्वतःच्या कबरीसाठीं ही इमारत उभारली. आंतील प्रचंड दालनांत एकही खांब नाहीं. घुमटाचा आंतला व्यास सुमारें १२४ फूट. चारी कोपऱ्यांना सात मजली अष्टकोनी मनोरे असून त्यांतील अरुंद जिन्यांनीं वर जावें लागतें. काका प्रत्येक मजल्यावर टेकत, श्वास घेत चढले. वर घुमटाच्या पायथ्याशीं आंतून वर्तुळाकार फिरलेला रुंद सज्जा आहे.

आम्ही पोहोंचलों तेव्हां शाळेची एक सहल आधींच तेथें होती. मुलें गळा काढून ओरडत होतीं, घुमट प्रत्येक आरोळी पुनः पुनः परत करीत होता, आणि त्या कल्लोळांत एकही शब्द उमगत नव्हता. काका खिन्नपणें म्हणाले, "आपल्या घरासारखेंच आहे." मला हंसूं आलें नाहीं.

सहल उतरून गेली. शांतता झाल्यावर तेथील माहितगारानें काकांना भिंतीशीं कान लावून बसावयास सांगितलें आणि काकूंना समोरच्या बाजूस नेलें. "ओरडूं नका, आई, भिंतीकडे तोंड करून हळू बोला," असें त्यानें बजावलें. काकूंनीं पदर सांवरला.

"अहो, दमलांत का?"

मी काकांजवळच भिंतीला टेकलों होतों, म्हणून ते शब्द मलाही स्पष्ट ऐकूं आले. काकांचे डोळे विस्फारले. "नाहीं," ते भिंतीलाच म्हणाले, "तूं दमली असशील." पुढचें बोलणें आपण ऐकण्याजोगें नव्हे असें वाटून मी भिंतीपासून दूर कठड्याशीं गेलों. तीं दोघें बराच वेळ बोलत होतीं.

यांत जादू कांहीं नाहीं. वक्र भिंतीच्या कडेकडेनें ध्वनि सरकत जातो. चोहोंकडे पसरून विरत नाहीं. लंडनच्या सेंट पॉल देवळांतील अशाच सज्ज्याचें कोडें लॉर्ड रॅले यांनीं उलगडलें, आणि चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२२ सालच्या आपल्या निबंधांत गोलघुमटाचाही विचार केला आहे.

पण मला अधिक मोलाचें वाटलें तें निराळेंच. आपण ओरडतों तेव्हां स्वर फुगतात, व्यंजनें त्या मानानें वाढत नाहींत. आणि शब्दाची ओळख तर बहुतांशीं व्यंजनांनींच पटते. म्हाताऱ्या कानाला तीं आधींच नीट पोहोंचत नाहींत; आपल्या ओरडण्यानें अधिकच बुडतात. शिवाय ओरडून हुकूम देतां येतो, चौकशी करतां येते. मनांतलें बोलतां येत नाहीं.

घुमट कांहीं घरीं आणतां येत नाहीं. पण अंतर कमी करतां येतें. आतां माजघरांतून ओरडण्याऐवजीं झोपाळ्यापर्यंत जावयाचें, समोर बसून आपलें तोंड काकांना दिसूं द्यावयाचें आणि सावकाश बोलावयाचें, असा आमच्याकडे परिपाठ पडत आहे. मुलें विसरतात, मीही विसरतों. काकू मात्र विसरत नाहींत. दुपारीं झोपाळ्यावर दोघांचें बोलणें चाललेलें असतें, आणि शेजारच्या खोलींत तें कोणालाही ऐकूं येत नाहीं.